जुन्या सीडीतले संकेतस्थळ, जुने ब्राउझर आणि यादीतून नाहीसे झालेले ढाणकी

आपला प्रश्न मला समजला तो असा. पुसद तालुक्यातील आपल्या गावच्या वाचनालयाचे संकेतस्थळ आपल्या वडिलांनी 2001 साली एका ओळखीच्या मुलाकडून तयार करून घेतले होते. ते दोन-तीन वर्षे चालले आणि नंतर नूतनीकरणाचे पैसे न भरल्यामुळे बंद पडले. आता कपाट आवरताना त्याची सीडी सापडली. ती आजच्या संगणकावर उघडली, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते, डाव्या बाजूचा मेनू उघडत नाही, काही मजकूर एकमेकांवर चढलेला आहे आणि तळाशी ‘हे पान इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये 800 बाय 600 वर पाहावे’ अशी ओळ तेवढी स्पष्ट वाचता येते. जुना ब्राउझर मिळवून त्यात ते पाहावे, की सगळे नव्याने करावे, असे आपण विचारले आहे.

मी 1999 ते 2008 या काळात दिग्रसला सायबर कॅफे चालविला आणि त्याच्या जोडीने बाजार समित्या, पतसंस्था, शाळा, जिनिंगवाले अशांची लहान-मोठी संकेतस्थळे तयार केली. आपण वर्णन केलेली ओळ मी स्वतः कितीतरी पानांच्या तळाशी लिहिलेली आहे, त्यामुळे हे उत्तर थोडेफार आरोपीच्या पिंजऱ्यातून आलेले आहे असे समजावे.

आधी उत्तर सांगतो, कारणे नंतर. जुना ब्राउझर शोधण्यात फार वेळ घालवू नये. आपल्याला जो एक बिघाड वाटतो तो प्रत्यक्षात तीन वेगवेगळे बिघाड आहेत: एक फॉन्टचा, एक स्क्रिप्टचा (पानात घातलेल्या छोट्या प्रोग्रामचा) आणि एक मांडणीचा. यांतला फॉन्टचा बिघाड सर्वांत भीषण दिसतो, आणि त्याचा ब्राउझरच्या जुनेपणाशी संबंध सर्वांत कमी आहे. जुना ब्राउझर मिळाला तरीही आपल्या सीडीतले मराठी कदाचित वाचता येणार नाही. उलट सीडीत योग्य ती एक फाइल असेल, तर आजच्याच ब्राउझरमध्ये ते दहा मिनिटांत वाचता येईल.

त्या काळी ‘अमुक ब्राउझरमध्येच पाहावे’ अशी पाटी पानाच्या तळाशी का लावावी लागे, ते नीट समजले की पुढचे काम सोपे होईल. नेटस्केप नॅव्हिगेटर हा ब्राउझर 1994 च्या डिसेंबरात आला, मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर 1995 च्या ऑगस्टमध्ये आला, आणि पुढची पाच-सहा वर्षे दोघांची चढाओढ चालली. 1997 साली नेटस्केप 4 आणि एक्स्प्लोरर 4 काही महिन्यांच्या अंतराने बाहेर पडले, तेव्हा पानाचा एखादा भाग हलविणे, लपविणे, वर आणणे यासाठी दोघांनी आपापल्या वेगळ्या पद्धती काढल्या होत्या. स्टाइलशीटचे, म्हणजे पानाच्या सजावटीच्या नियमांचे, पहिले प्रमाण 1996 च्या डिसेंबरात ठरले होते खरे, परंतु ते प्रमाण दोघांनीही अर्धेमुर्धेच पाळले. नेटस्केप 4 मध्ये तर जावास्क्रिप्ट बंद केली की स्टाइलशीटही बंद पडत असे, आणि खिडकीचा आकार लहान-मोठा केला की पानाचे रूप मधूनच उतरून जाई. पानासाठी ठरविलेला अक्षरांचा आकार टेबलाच्या (पानातल्या तक्त्याच्या) आत शिरतच नसे, म्हणून आम्ही तोच नियम टेबलाच्या घरांसाठी पुन्हा लिहीत असू. एक्स्प्लोरर 5 ची तऱ्हा निराळी होती. एखाद्या चौकटीची रुंदी 200 पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके) लिहिली, तर प्रमाणाप्रमाणे ती आतल्या मजकुराची रुंदी असायला हवी आणि आतली मोकळी जागा व कडा त्यावर वाढायला हव्यात, पण हा ब्राउझर सगळे 200 मध्येच कोंबत असे. एकाच पानाची चौकट इथे 200 ची, तर तिथे 230 ची होई, आणि शेजारचा रकाना खाली घसरे.

आमच्याकडे याची तपासणी करणेही सोपे नव्हते. नेटस्केपच्या दोन आवृत्त्या एकाच संगणकावर ठेवता येत, परंतु एक्स्प्लोरर विंडोजमध्येच मुरलेला असल्यामुळे त्याची नवी आवृत्ती टाकली की जुनी जाई. म्हणून कॅफेतल्या पाच संगणकांपैकी एक मी मुद्दाम विंडोज 95 आणि नेटस्केप 4.7 वर ठेवला होता, एकावर एक्स्प्लोरर 5 होता आणि पुढे एकावर एक्स्प्लोरर 6 आला. भारनियमनाची वेळ सांभाळून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, फ्लॉपी घेऊन या संगणकावरून त्या संगणकावर फिरत पान पाहायचे, असा तो उद्योग होता. ज्याच्याजवळ एकच संगणक होता आणि त्यावर विंडोज 98 सोबत आलेला एक्स्प्लोरर होता, त्याने पाटी लावून मोकळे व्हावे हे स्वाभाविकच होते. आपल्या वडिलांच्या ओळखीच्या त्या मुलाला म्हणूनच दोष देऊ नये.

ब्राउझरचा खरा फटका कसा बसे, याचे एक उदाहरण सांगतो. 2000 साली एका बाजार समितीसाठी मी कापूस आणि तुरीची आवक दाखविणारे पान केले. माझ्याकडे ते उत्तम दिसत होते. समितीचे एक लिपिक कामानिमित्त अमरावतीला गेले असता त्यांनी कौतुकाने ते पान तेथील एका कार्यालयात उघडले आणि मला फोन केला: “सर, पान तं कोरंच दिसून रायलं ना जी.” मी मोडेमला दोष दिला, सर्व्हरला दोष दिला, त्यांना दोनदा पुन्हा उघडायला लावले. दुसऱ्या दिवशी माझ्याच कॅफेतल्या नेटस्केपमध्ये पान उघडले, तर तिथेही पांढरे. मजकूर तर सगळा आलेला होता, कारण पानाचा कोड उघडून पाहिला की आवकेचे आकडे दिसत होते. दोन संध्याकाळी गेल्यावर कारण सापडले. टेबलाच्या आत टेबल घातलेले होते आणि बाहेरचे टेबल बंद करणारा टॅग (कोडमधली सूचनेची खूण) मी लिहिलाच नव्हता. एक्स्प्लोररने ते टेबल माझ्या वतीने मुकाट्याने बंद करून घेतले होते. नेटस्केप मात्र टेबल पूर्ण झाल्याशिवाय त्यातले काहीच दाखवायचा नाही, आणि ते कधी पूर्णच होत नव्हते. एका टॅगने पान परत आले. तेव्हापासून माझी अशी धारणा झाली की चूक पोटात घालणाऱ्या ब्राउझरवर कधीच तपासणी संपवू नये. चुका न चालवून घेणाऱ्यावर ती संपवावी.

आता आपल्या सीडीकडे येतो. सर्वांत आधी ती संपूर्ण सीडी संगणकावर उतरवून घ्यावी आणि त्या प्रतीची आणखी एक प्रत करून तिला हात लावू नये. घरी जाळलेल्या सीडीला वीसहून अधिक वर्षे झाली असतील, तर ती आज वाचली गेली म्हणून पुढच्या पावसाळ्यानंतरही वाचली जाईल याची शाश्वती नसते. पुसायची झाल्यास मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नव्हे. एखादी फाइल उतरताना अडली, तर दुसऱ्या संगणकाच्या ड्राइव्हमध्ये टाकून पाहावी, कारण काही ड्राइव्ह अशी सीडी इतरांपेक्षा चांगली वाचतात.

त्यानंतर कोणतेही एक पान नोटपॅडमध्ये उघडावे आणि त्यात फॉन्टचे नाव कुठे लिहिले आहे ते शोधावे. बहुधा प्रत्येक परिच्छेदाच्या आधी फॉन्टचा टॅग असेल आणि त्यात कृतिदेव, शिवाजी, सुरेख, आकृती, श्रीलिपी यांपैकी कुठल्यातरी कुळातले नाव असेल. हे नाव कागदावर लिहून ठेवावे. पुढचे सगळे यावर अवलंबून आहे.

हे असे का, ते थोडे उलगडून सांगतो. विंडोज 98 मध्ये देवनागरीची सोयच नव्हती. विंडोज 2000 पासून मंगल हा युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) फॉन्ट येऊ लागला, आणि विंडोज एक्सपीमध्येही नियंत्रण कक्षात जाऊन भारतीय लिप्यांसाठीच्या चौकटीत खूण करावी लागे, तेव्हा संगणक विंडोजची मूळ सीडी मागे, जी आपल्याकडे जोडून घेतलेल्या संगणकासोबत सहसा आलेलीच नसे. म्हणून 2001 मध्ये मराठी पान करणारा माणूस रोमन अक्षरांच्या अंगावर देवनागरीचा अंगरखा चढवीत असे. ‘मराठी’ हा शब्द कृतिदेवमध्ये लिहिला, तर संगणकाच्या लेखी तो लहान ई, लहान जे, लहान के, कॅपिटल बी आणि लहान एच अशी पाच रोमन अक्षरे असतो. फॉन्टमध्ये ई या अक्षराच्या जागी म चे चित्र काढलेले असते, जे च्या जागी र चे, एवढेच. फॉन्ट नसला की अंगरखा उतरतो आणि खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. आपल्याला जी खिचडी दिसते ती हीच आहे. ती बिघडलेली नाही, मजकूर जसाच्या तसा आहे, फक्त त्याला वाचण्याची किल्ली म्हणजे तो विशिष्ट फॉन्ट आहे. शिवाय प्रत्येक कंपनीची किल्ली वेगळी, म्हणून कृतिदेवचा मजकूर शिवाजीत टाकला तर मराठीच दिसेल, पण अर्थहीन.

वाचकाच्या संगणकावर हा फॉन्ट नसला तर काय, या अडचणीवर दोन्ही ब्राउझरवाल्यांनी तोडगा काढला होता आणि तोही अर्थातच वेगवेगळा. पानासोबत फॉन्ट आपोआप उतरावा यासाठी नेटस्केप 4 ला पीएफआर या प्रकारची फाइल लागे आणि एक्स्प्लोररला ईओटी या प्रकारची. आपण सीडीत या दोन शेवटांच्या फाइली शोधाव्यात. फक्त ईओटी सापडली, तर तळाच्या ‘इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये पाहावे’ या ओळीचा खरा अर्थ कळेल: मांडणीपेक्षा मराठी अक्षरांसाठीच ती ओळ होती. मराठी, हिंदी संकेतस्थळांच्या बाबतीत ब्राउझरची सुसंगती हा प्रश्न मुख्यतः फॉन्टचा प्रश्न होता, असे माझे मत आहे. इंग्रजी पान नेटस्केपमध्ये वाकडेतिकडे दिसले तरी वाचता येई, आपले पान एकदम निरक्षर होई. नेटस्केप 6 ने 2000 च्या नोव्हेंबरात पीएफआरचा आधार काढून टाकला, तेव्हा दोन्ही फाइली घालण्याची मेहनत घेतलेल्यांचीही अर्धी मेहनत वाया गेली.

आणि जुना ब्राउझर शोधू नका असे मी का म्हणालो, ते इथेच आहे. मायक्रोसॉफ्टच्या साधनाने ईओटी फाइल तयार करताना ती कोणत्या पत्त्यावरच्या संकेतस्थळासाठी आहे ते त्या फाइलीत नोंदवावे लागे, जेणेकरून दुसऱ्याने ती उचलून आपल्या पानाला लावू नये. एक्स्प्लोरर तो पत्ता तपासत असे. म्हणजे आपण मोठ्या कष्टाने विंडोज 98 आणि एक्स्प्लोरर 5 उभे केलेत आणि सीडीवरून पान उघडलेत, तर पान वाचनालयाच्या पत्त्यावरून न येता सीडीवरून आल्यामुळे तो ब्राउझर फॉन्ट लावण्यास नकार देईल, आणि आपल्याला पुन्हा तीच खिचडी दिसेल. करणाऱ्याने स्थानिक डिस्कचा पत्ताही नोंदविला असेल तरच गोष्ट वेगळी.

याउलट सीडीत ‘फॉन्ट’ नावाचे फोल्डर असेल आणि त्यात टीटीएफ शेवटाची, म्हणजे खुद्द फॉन्टची, फाइल असेल, तर काम जवळजवळ झालेच समजा. त्या काळी ‘मराठी दिसत नसल्यास येथून फॉन्ट उतरवून घ्यावा’ असा दुवा देण्याची पद्धत होती, त्यामुळे ती फाइल असण्याचा संभव चांगला आहे. ती आजच्या विंडोजमध्ये बसवावी आणि पान उघडावे. फॉन्टचा जुना टॅग आजचे ब्राउझरही मानतात. फाइल नसेल, पण फॉन्टचे नाव कळले असेल, तर तालुक्याच्या गावी डीटीपी करणाऱ्या किंवा लग्नपत्रिका छापणाऱ्या माणसाकडे जावे. जुने फॉन्ट त्यांच्या संगणकात आजही नांदतात. मात्र यांतले बरेच फॉन्ट परवान्याचे असतात, तेव्हा ते संकेतस्थळावर चढवू नयेत, फक्त वाचण्यापुरते वापरावेत.

मेनूचे कारण याहून गमतीचे आहे. त्या वेळच्या मेनूची स्क्रिप्ट ब्राउझरला दोन प्रश्न विचारायची: तुझ्याजवळ नेटस्केपचे ‘लेयर्स’ आहेत काय, आणि नसतील तर एक्स्प्लोररचे ‘ऑल’ आहे काय. ज्या प्रश्नाला होकार येईल त्याप्रमाणे मेनू उघडे. आजचा कुठलाही ब्राउझर दोन्ही प्रश्नांना नाही म्हणतो, म्हणून स्क्रिप्ट गप्प बसते. मेनू दुरुस्त करीत बसू नये. त्याच्या कोडमध्ये ज्या पानांची नावे आहेत ती पाहून पाने एकेक करून थेट उघडावीत. पळती अक्षरे असतील, तर ती आजही पळताना दिसतील, कारण एक्स्प्लोररने आणलेला तो मार्की टॅग पुढे सगळ्यांनीच स्वीकारला. नेटस्केपचा उघडझाप करणारा टॅग मात्र इतिहासजमा झाला. कुठे फ्लॅश (त्या काळची हलती चित्रे) असेल तर ते 2021 च्या जानेवारीपासून चालत नाही, त्याचा नाद सोडावा.

मजकूर एकमेकांवर चढण्याचे कारण बहुधा असे असेल की करणाऱ्याने चौकटींच्या जागा पिक्सेलमध्ये नेमून दिल्या होत्या, आणि मूळ फॉन्टऐवजी दुसराच फॉन्ट लागल्यामुळे ओळी वाढल्या. फॉन्ट बसविल्यावर यातले बरेचसे आपोआप निवळेल. इथे एक सूचना महत्त्वाची आहे. हल्ली शिकलेली मुले असे जुने पान पाहिले की पहिल्या ओळीत आजचा डॉक्टाइप (पान कोणत्या नियमांनी लिहिले आहे ते सांगणारी नोंद) घालतात. तसे करू नये. पानाच्या डोक्यावर डॉक्टाइप नसला की आजचा ब्राउझर ते पान जुन्या काळातले आहे असे ओळखतो आणि बऱ्याच जुन्या खोडींची हुबेहूब नक्कल करतो. पानाचा अक्षर-आकार टेबलात न शिरण्याची नेटस्केप काळातली ती खोडही त्यात आहे. आपण डॉक्टाइप घातला, की ही सवलत बंद होते आणि चित्रांच्या फटी, अक्षरांचे आकार बदलतात. चित्रे दिसत नसतील तर त्यांचा मार्ग पाहावा. ‘सी ड्राइव्ह, माय डॉक्युमेंट्स’ असा करणाऱ्याच्या घरचा मार्ग त्यात राहून गेलेला असतो. ही चूक इतकी सार्वत्रिक होती की मी नवे पान तपासायला घेतले की आधी तेवढेच शोधत असे.

थोडक्यात आतापर्यंतचे असे: सीडीची प्रत करणे, फॉन्टचे नाव काढणे, फॉन्ट बसविणे आणि मेनूला बगल देऊन पाने उघडणे. एवढे झाले की संकेतस्थळ आपल्याला वाचता येईल. त्यापुढे काय करावे हे मात्र आपल्या हेतूवर अवलंबून आहे, आणि ते मी येथून ठरवू शकत नाही. वडिलांची आठवण म्हणून घरच्यांना दाखवायचे असेल, तर प्रत्येक पानाचे चित्र काढून किंवा पीडीएफ करून ठेवावे आणि थांबावे. वाचनालय अजून चालू असेल, त्याच्या जुन्या वार्षिक नोंदी, देणगीदारांची नावे, ग्रंथसूची यांचा गावाला उपयोग असेल, तर मजकूर युनिकोडमध्ये आणून साधे नवे संकेतस्थळ करावे. पाने दहा-पंधराच असतील आणि गावात कोणी मन लावून टंकलेखन करणारे असेल, तर रूपांतराच्या भानगडीत न पडता सरळ पुन्हा टाइप करणे कधीकधी लवकर होते. पन्नासच्या वर पाने असतील तर रूपांतर करावे.

रूपांतर करायचे ठरविल्यास तीन ठिकाणी सांभाळावे लागते, आणि या तिन्ही ठिकाणी मी स्वतः ठेच खाल्लेली आहे.

पहिली गोष्ट अशी की ब्राउझरमधून मजकूर नक्कल करून रूपांतर करणाऱ्या साधनात टाकू नये. जुन्या पानात मराठी कुठे आणि इंग्रजी कुठे हे केवळ फॉन्टच्या टॅगवरून कळते. टॅग गळून पडले की सगळीच रोमन अक्षरे, आणि साधन बिचारे ईमेलच्या पत्त्यालाही मराठी समजून त्याचे काहीतरी अगम्य करून टाकते. म्हणून मूळ कोड समोर ठेवून, फॉन्टच्या टॅगमधला तेवढाच भाग उचलावा.

दुसरी गोष्ट लिपीच्या क्रमाची आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठविलेली असतात, म्हणजे ‘हि’ लिहिताना आधी वेलांटी आणि मग ह. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, आधी ह आणि मग वेलांटी. ‘धर्म’ मधला रफार जुन्या फॉन्टमध्ये म च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये म च्या आधी. चांगली साधने ही अदलाबदल करतात, पण ती बहुतेक हिंदी नजरेसमोर ठेवून केलेली असल्यामुळे आपल्या ऱ्य पाशी अडखळतात. ‘शेतकऱ्यांना’ चे ‘शेतकर्यांना’ होते, ‘दुसऱ्या’ चे ‘दुसर्या’ होते. आमच्या भागातल्या कुठल्याही संस्थेच्या अहवालात शेतकरी दर दोन ओळींनी येतो, तेव्हा ही एक चूक शेकड्यांनी सापडेल. रूपांतर झाल्यावर ‘र्य’ शोधून प्रत्येक ठिकाणी डोळ्यांनी निर्णय करावा, सरसकट बदलू नये, कारण ‘कार्य’ आणि ‘सूर्य’ हेही त्याच यादीत येतील.

तिसरी गोष्ट जरा सविस्तर सांगतो. एका पतसंस्थेच्या शाखांची यादी मी टेबलात केली होती: पुसद, उमरखेड, महागाव, ढाणकी वगैरे. उद्घाटन झाले, पेढे वाटले, आणि आठवडाभराने ढाणकीच्या शाखेतून तक्रार आली की यादीत आमचे नावच नाही, घर रिकामे आहे. मी आपला नेहमीप्रमाणे नेटस्केपवर संशय घेतला. परंतु एक्स्प्लोररमध्येही तेच होते, आणि नोटपॅडमध्ये पाहिले तर नाव जागेवर होते. कारण असे निघाले: कृतिदेवमध्ये ढ हे अक्षर ‘लहान’ दर्शविणाऱ्या डाव्या टोकदार कंसाच्या (<) चिन्हावर बसविलेले आहे आणि झ त्याच्या उलट चिन्हावर. पान लिहिण्याच्या भाषेत तो डावा कंस म्हणजे नवा टॅग सुरू झाल्याची खूण. ढाणकीतला ढ आला, ब्राउझरला वाटले की टॅग सुरू झाला, आणि त्याने संपूर्ण गावच टॅग समजून गिळून टाकले. पाने तयार करणाऱ्या फ्रंटपेजसारख्या साधनात लिहिले असते, तर त्याने ते चिन्ह सांकेतिक रूपात बदलून घेतले असते; मी नोटपॅडमध्ये हाताने लिहिण्याचा तोरा मिरवीत होतो. शाखा व्यवस्थापकांना हे समजावून सांगणे मला काही जमले नाही.

आपल्या बाबतीत याचा अर्थ असा की फॉन्ट कृतिदेव असून पान हाताने लिहिलेले असल्यास ढ ने सुरू होणारे शब्द पडद्यावर दिसणार नाहीत, परंतु कोडमध्ये ते असतील. रूपांतर करणाऱ्या साधनालाही ते दिसणार नाहीत, जर त्याने आधी टॅग गाळून टाकले तर. ग्रंथसूचीत एखादा ढगांचा किंवा ढोलाचा उल्लेख असलेला ग्रंथ अर्धाच दिसला, तर गोंधळून जाऊ नये.

नवे संकेतस्थळ करायचे झाल्यास पानाच्या डोक्यात यूटीएफ-8 (युनिकोड साठविण्याची पद्धत) ही नोंद न विसरता करावी. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह त्या पद्धतीत तीन बाइटांचे असते, आणि ही नोंद नसेल व ब्राउझरने चुकीचा अंदाज बांधला, तर एकेका चिन्हाच्या जागी तीन-तीन भलतीच चिन्हे उमटतात, म्हणजे वीस वर्षांनी आपण पुन्हा खिचडीवर. अक्षरांमध्ये जास्तीचे अंतर देण्याची शैली मराठीला लावू नये, शिरोरेषा तुटते. 2008 साली फायरफॉक्स 3 येईपर्यंत तर मजकूर दोन्ही कडांना समान केला तरी त्या ब्राउझरमध्ये वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटत असत. आज तो त्रास नाही. मजकूर आधी साध्या परिच्छेदांत आणि टेबलांत लिहावा, स्टाइलशीट आणि स्क्रिप्ट काढून टाकल्या तरी तो पूर्ण वाचता येतो का ते पाहावे, आणि मगच सजावट करावी. मी वेबशी पहिली ओळख 1997 मध्ये पुण्यात शिकताना एका मित्राच्या, इंटरनेट पुरविणाऱ्या विदेश संचार निगमच्या विद्यार्थी खात्यावरून करून घेतली. त्या खात्यावर लिंक्स नावाच्या ब्राउझरमध्ये फक्त काळ्या पडद्यावर अक्षरे दिसत, चित्र नाही की रंग नाही. ज्यांनी मजकूर नीट लिहिला होता त्यांची पाने तिथेही वाचता येत होती. माझ्या स्वतःच्या पानांना पुढे मी ही कसोटी लावली असती, तर ती पाटी लावण्याची वेळ कमी आली असती.

एवढे सगळे वाचूनही मूळ रूप जसेच्या तसे पाहण्याची हौस असेल, तर जुना लॅपटॉप इंटरनेटला जोडण्याऐवजी आपल्या चालू संगणकातच आभासी यंत्र (संगणकाच्या आत चालणारा नकली संगणक) करून त्यात विंडोज 98 चालवावे, आणि त्याला बाहेरची जोडणी देऊ नये. जोडणी दिली तरी फारसे काही उघडणार नाही, कारण आजच्या सुरक्षित जोडण्यांची भाषा एक्स्प्लोरर 5 किंवा 6 ला कळत नाही, आणि त्या जुन्या विंडोजला संरक्षण तर काहीच नाही. त्याआधी संकेतस्थळाचा जुना पत्ता आठवत असेल तर जुन्या संकेतस्थळांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये तो टाकून पाहावा. तिथे सगळी पाने मिळतीलच असे नाही, पण सीडीत नसलेले एखादे नंतरचे पान, वडिलांनी पुढच्या वर्षी घातलेला एखादा कार्यक्रमाचा वृत्तान्त तिथे राहिलेला असू शकतो.

फॉन्टचे नाव आणि सीडीतल्या फाइलींची यादी आपण कळविलीत, तर कोणते रूपांतर वापरावे हे मी नेमके सांगू शकेन. मुख्य पानाच्या कोडमधल्या पहिल्या वीस ओळीही सोबत द्याव्यात, चुका दुरुस्त न करता.